नातवाची यादी : कोणता गेम घ्यावा, कोणता ठेवावा, कोणता टाळावा

नाशिक रोडहून एका निवृत्त वाचकांचे पत्र आले आहे. ते थोडक्यात असे :

‘माझा नातू नववीत आणि नात पाचवीत आहे. मुलगा आणि सून दोघेही नोकरी करतात, त्यामुळे शाळा सुटल्यापासून संध्याकाळपर्यंत मुले माझ्याजवळ असतात. वाढदिवसाला गेमसाठी तीन हजार रुपये देण्याचे मी नातवाला कबूल केले, आणि त्याने वहीचे पान फाडून आठ नावांची यादी माझ्या हातात ठेवली : बीजीएमआय, फ्री फायर मॅक्स, जीटीए ५, माइनक्राफ्ट, रोब्लॉक्स, ईए एफसी, क्रिकेट २४ आणि एल्डन रिंग. यांतले काही फुकट आहेत असे तो सांगतो. मग त्यांना पैसे कशाला लागतात, हे मला समजत नाही. घरात मुलाचा जुना लॅपटॉप आहे, ८ जीबी रॅमचा, वेगळे ग्राफिक्स कार्ड नसलेला. पाथर्डी फाट्याला मुलांच्या मामाकडे प्लेस्टेशन ४ आहे. मी स्वतः दुपारच्या चहानंतर मोबाइलवर कँडी क्रश खेळतो, त्यामुळे मुलांना सरसकट नाही म्हणायला मन धजत नाही. शेजारी म्हणतात, सगळेच गेम वाईट. चित्रपटांची छोटी परीक्षणे येतात तसे प्रत्येक गेमबद्दल आपले मत सांगाल का? यादीबाहेरचे काही सुचवाल का? आणि व्यसनाची भीती कितपत खरी?’

आदरणीय काका,

सादर नमस्कार. ‘गेम द्यावेत की देऊ नयेत’ या प्रश्नाला काहीही उत्तर दिले तरी ते अर्धवटच राहते. आपण ‘कोणता द्यावा’ असे विचारले आहे आणि त्याचे मात्र नेमके उत्तर देता येते. सार्वजनिक वाचनालयातली सगळी पुस्तके सारखीच, असे नाशिकचा कोणताही वाचक म्हणणार नाही. आपल्या शेजाऱ्यांचे मत त्याच जातीचे आहे आणि ते आपण मनावर घेऊ नये.

परीक्षण करताना मी गेमच्या देखणेपणाकडे सर्वांत शेवटी पाहतो. खेळणाऱ्याची बोटे आणि बुद्धी प्रत्यक्षात कोणते काम करत आहेत, हे मी आधी पाहतो. आणि त्याला उठून जायचे असेल तर गेम त्याला सुखाने जाऊ देतो का, हे त्याच्या पाठोपाठ. या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा पैशाच्या व्यवहारात सापडते. ज्या गेमची किंमत एकदाच चुकती करायची असते, त्याच्या कर्त्यांचे आपल्याशी असलेले देणेघेणे तिथेच संपते. जो गेम फुकट मिळतो, त्याच्या कर्त्यांना मात्र खेळणारा रोज परत यायला हवा असतो, कारण त्यांची कमाई गेमच्या आत मांडलेल्या दुकानावर चालते. नातू फुकट गेमसाठी जे पैसे मागतो आहे ते या दुकानासाठी : बंदुकीवरचे रंग, पात्राचे कपडे, दर हंगामाचा पास. बीजीएमआयमध्ये या कपड्यांनी निशाणा तसूभरही सुधारत नाही, मित्रांत मान मात्र मिळतो. चौदाव्या वर्षी तो मान फार मोठा वाटतो, त्यामुळे त्याच्या मागणीला हसू नये. पण पैसेही देऊ नयेत.

आता यादी घेऊ. बीजीएमआय हा पबजी मोबाइलचा भारतीय अवतार आहे. पबजीवर सप्टेंबर २०२० मध्ये बंदी आली, जुलै २०२१ मध्ये तो या नावाने परतला, जुलै २०२२ मध्ये पुन्हा हटवला गेला आणि मे २०२३ पासून परत उपलब्ध झाला. शंभर खेळाडू विमानातून एका बेटावर उतरतात आणि आक्रसत जाणाऱ्या वर्तुळात जो शेवटपर्यंत तगतो तो जिंकतो. जागेची पारख, कानाने पावलांचा अंदाज घेणे, चौघांच्या संघात थोडक्या शब्दांत नेमकी माहिती देणे, ही कौशल्ये त्यात खरोखर लागतात आणि ती मी कमी लेखत नाही. अडचण डावाच्या लांबीची आहे. एक डाव अर्ध्या तासापर्यंत चालतो आणि मध्येच उठले तर उरलेले तिघे उघड्यावर पडतात, त्यामुळे ‘पाच मिनिटांत बंद कर’ या हुकमावरून घरोघरी भांडणे होतात. आपण मिनिटे न मोजता डाव मोजावेत. दोन डाव ठरवावेत, ते केव्हा सुरू करायचे हेही आधीच ठरवावे, आणि दुसरा डाव संपला की फोन आपल्याकडे यावा. अठरा वर्षांखालील खेळाडूंना दिवसाला तीन तासांची मर्यादा गेममध्येच घातलेली आहे, पण नववीतल्या मुलासाठी तीसुद्धा फार सैल आहे. माझे मत : ठेवावा, त्यावर एक रुपयाही खर्च करू नये.

फ्री फायर मॅक्सला मी हीच सवलत देणार नाही. पन्नास खेळाडू, दहा मिनिटांचा डाव, साध्या फोनवरही चालणारा, असे त्याचे गुण आहेत. मात्र त्यात काही बंदुकांच्या विकत मिळणाऱ्या रूपांबरोबर त्यांची मारकशक्ती किंवा वेगही बदलतो. ज्या खेळात पैसे मोजणाऱ्याचा वार जास्त लागतो, तो खेळ म्हणून मला अमान्य आहे. बीजीएमआय असताना याची गरज नाही.

जीटीए ५ हे २०१३ चे काम आहे आणि कारागिरीच्या दृष्टीने ते आजही थक्क करणारे आहे. एक संपूर्ण शहर, त्यातली रहदारी, रेडिओ, समुद्रावरचा उजेड, सारे जिवंत वाटते. पण त्यावर ‘अठरा वर्षांवरील’ असा शिक्का आहे आणि तो योग्य आहे. त्यातल्या एका प्रसंगात बांधून ठेवलेल्या माणसाचा छळ खेळणाऱ्याला स्वतःच्या हाताने, हत्यार निवडून करावा लागतो. तो टाळून कथा पुढे नेण्याची सोय फार तोकडी आहे. चौदा वर्षांच्या मुलाला हे देऊ नये. त्याच्या वर्गातील अनेकांनी तो खेळला असेल आणि तो तसे आपल्याला सांगेलही. तरीही आपले उत्तर बदलू नये, आणि कारण मात्र त्याला मोकळेपणाने सांगावे.

एल्डन रिंग हा २०२२ चा गेम मी गेल्या काही वर्षांतल्या सर्वश्रेष्ठ गेममध्ये धरतो. तो खेळाडूला काहीही हातात आणून देत नाही. भग्न किल्ले, मौन पाळणारी पात्रे आणि त्याचा वारंवार पराभव करणारे शत्रू यांतून वाट त्याची त्यालाच शोधावी लागते. आपल्या लॅपटॉपवर मात्र तो नीट चालणार नाही, कारण त्याला किमान १२ जीबी रॅम आणि वेगळे ग्राफिक्स कार्ड लागते. नातू अकरावी-बारावीत गेल्यावर विषय पुन्हा काढावा.

ईए या कंपनीचा ईए एफसी, म्हणजे पूर्वीचा फिफा, हा फुटबॉलचा गेम कॉलेज रोडवर तासाच्या भाड्याने गेम खेळायला देणाऱ्या ठिकाणी सर्वांत जास्त चालणाऱ्या गेमपैकी आहे आणि मैदानावरचा त्याचा खेळ उत्तम आहे. चेंडूचा वेग, पासची वेळ, बचावफळीतली फट हेरणे, यांत खरा आनंद आहे. मैदानाबाहेर ‘अल्टिमेट टीम’ नावाचा विभाग आहे. तिथे पैसे देऊन बंद पाकिटे घ्यायची आणि आत कोणता खेळाडू निघतो ते नशिबावर सोडायचे असते. बेल्जियमच्या जुगार नियामकाने २०१८ मध्ये अशा पाकिटांना जुगार ठरवले, आणि पुढे कंपनीला त्या देशात या पाकिटांसाठीच्या आभासी पैशाची विक्री थांबवावी लागली. मामाकडे दोन भावंडांनी समोरासमोर सामने खेळावेत, त्यात काहीच वावगे नाही. पाकिटांचा विभाग उघडू नये.

क्रिकेट २४ बद्दल थोडक्यात सांगतो. फटक्याची वेळ साधण्यात मौज आहे, पण क्षेत्ररक्षकांच्या हालचाली ओबडधोबड आहेत, समालोचन पहिल्या आठवड्यातच पाठ होते आणि किंमत या दर्जाला साजेशी नाही. ज्यांचे तारुण्य सिडकोतल्या सायबर कॅफेंमध्ये ईएच्या क्रिकेट ०७ वर गेले, त्यांना आजही त्याच्या तोडीचा गेम सापडलेला नाही, आणि ईएने तर त्यानंतर ती मालिकाच बंद केली. सवलतीत अगदी स्वस्त मिळाल्याशिवाय घेऊ नये.

रोब्लॉक्सला मी एक गेम मानत नाही. लोकांनी स्वतः बनवलेल्या असंख्य छोट्या गेमचा तो बाजार आहे. त्यात काही सुंदर आहेत, पुष्कळसे टाकाऊ आहेत आणि काही मुलांच्या खिशावर डोळा ठेवून बनवलेले आहेत. अनोळखी माणसांशी संपर्क येण्याची शक्यता तिथे असते, आणि आपल्या घरातली दुसरी खेळाडू पाचवीत आहे. वडिलांनी किंवा आईने स्वतः बसून पालकांसाठीची नियंत्रणे लावून दिली, गप्पांची सोय बंद केली आणि कोणते गेम उघडायचे ते निवडून दिले तरच विचार करावा. एवढा वेळ त्यांना मिळणार नसेल, तर सध्या नको.

माइनक्राफ्ट मात्र निःशंकपणे घ्यावा. यादीतला हा एकच गेम असा आहे की तो नातवाने मागितला नसता तर मीच सुचवला असता. २०११ मध्ये पूर्ण स्वरूपात आलेला हा गेम जगात सर्वाधिक विकला गेलेला आहे; २०२३ पर्यंत त्याच्या ३० कोटींहून अधिक प्रती खपल्या होत्या. माती, दगड, लाकूड यांचे घनाकृती ठोकळे खणायचे आणि त्यांतून हवे ते उभारायचे, एवढेच त्याचे स्वरूप आहे. नातीला तो ‘क्रिएटिव्ह’ प्रकारात द्यावा, तिथे सारे साहित्य अमर्याद असते आणि मरणाची भीती नसते. नातवाला ‘रेडस्टोन’ नावाच्या लाल भुकटीकडे वळवावे. ती गेममधली वीजवाहक तार आहे, आणि तिच्यापासून स्वयंचलित दरवाजापासून बेरीज करणाऱ्या यंत्रापर्यंत काहीही बनवता येते. मुलाने एकदा दोन कळा एकाच वेळी दाबल्याशिवाय न उघडणारा दरवाजा बनवला, की संगणकाच्या तर्काचा पहिला धडा त्याने गिरवला असे खुशाल समजावे. या गेमला शेवट नसल्यासारखाच आहे, ही त्याची मर्यादा आहे. गेममधला एक दिवस-रात्र वीस मिनिटांची असते. तेच माप धरून ‘दोन दिवस’ किंवा ‘तीन दिवस’ असे ठरवले तर थांबणे मुलांनाही पटते.

आता यादीबाहेरचे. आपल्या लॅपटॉपवर चालणारे आणि दोन्ही मुलांना जवळ आणणारे काही हवे असेल, तर माझी पहिली पसंती पोर्टल २ ला आहे. २०११ चा हा गेम जुन्या यंत्रावरही नीट चालतो. हातात बंदूक असते, पण ती गोळी झाडत नाही. एका भिंतीवर निळे आणि दुसऱ्या भिंतीवर नारिंगी दार उघडते, आणि एका दारातून शिरलेला माणूस दुसऱ्यातून बाहेर पडतो. उंचावरून खालच्या दारात उडी मारली तर पडण्याचा वेग तसाच राहतो, आणि दुसऱ्या, भिंतीवरच्या दारातून आपण समोरच्या खाईपलीकडे भिरकावले जातो. हे मुलांना स्वतःला सुचते तो क्षण पाहण्यासारखा असतो. दोन खेळाडूंसाठी त्यात संपूर्ण वेगळी कथा आहे, दोन यंत्रमानवांची, आणि तिच्यातले एकही कोडे एकट्याने सुटत नाही. एक साधा कंट्रोलर, म्हणजे हातात धरून खेळायचे बटणांचे साधन, जोडला की दोघे त्याच पडद्यावर खेळू शकतात. संवाद इंग्रजीत आणि भरपूर आहेत. नातीला काही विनोद कळणार नाहीत, पण कोडी कळतील.

स्टारड्यू व्हॅलीबद्दल मी जरा सविस्तर लिहितो, कारण नाशिक जिल्ह्यातल्या मुलांना तो इतरांपेक्षा जास्त जवळचा वाटेल असा माझा विश्वास आहे. एरिक बॅरोन या एकाच माणसाने चार वर्षांहून अधिक काळ खपून चित्रे, संगीत, कथा, सारे स्वतः केले आणि २०१६ मध्ये तो प्रकाशित केला. शहरातल्या कचेरीला कंटाळलेला एक तरुण किंवा तरुणी आजोबांनी ठेवलेल्या पडीक शेतावर राहायला येते, तिथून तो सुरू होतो. दगड वेचायचे, जमीन नांगरायची, पेरायचे, पाणी घालायचे. प्रत्येक ऋतू अठ्ठावीस दिवसांचा असतो आणि ऋतू बदलला की त्या ऋतूचे उभे पीक वाळून जाते, त्यामुळे पेरणीआधी दिवस मोजायला मूल आपोआप शिकते. शरदात द्राक्षाची लागवड करता येते. वेल मांडवावर चढतो, दहा दिवसांत फळतो आणि मग दर तीन दिवसांनी घड देतो. निफाड-दिंडोरीकडे ज्यांचे नातेवाईक आहेत त्या मुलांना इथे लगेच प्रश्न पडतील. एप्रिलची खरड छाटणी कुठे आहे? ऑक्टोबरची फळछाटणी कोण करणार? अवकाळी पावसाने मणी तडकले तर काय? गेममध्ये यातले काहीच नाही, आणि बागेतली खरी मेहनत, भुरी-डाऊनी या रोगांची धास्ती, मजुरांचा आणि औषधांचा खर्च त्यात किती वगळला आहे, यावर नातवंडांशी आपल्याला पुष्कळ बोलता येईल. गावात एक मद्याची खानावळ आहे, आणि बऱ्याच पुढे गेल्यावर वाळवंटात एक जुगारघर लागते. त्यात खरा पैसा जात नाही, पण आपल्याला माहीत असावे म्हणून सांगतो. या गेममधला एक पूर्ण दिवस आपल्या घड्याळाने सुमारे चौदा मिनिटांचा असतो आणि खेळ साठवला जातो तो पात्र झोपायला गेल्यावरच. म्हणजे ‘दोन दिवस खेळून झोपी जायचे’ हा नियम जवळजवळ अर्ध्या तासाचा होतो, आणि तो गेमच्या रचनेतच बसतो.

सेलेस्ट हा २०१८ चा गेम नातवासाठी आहे. मॅडेलिन नावाची मुलगी एक डोंगर चढते आहे. तिला उडी मारता येते, भिंत धरता येते आणि हवेत एक झेप घेता येते. तिचे सामर्थ्य जवळपास एवढेच आणि एवढ्यावर पूर्ण डोंगर. गेम फार अवघड आहे, पण पडल्यावर एका क्षणात त्याच पडद्याच्या सुरुवातीला पुन्हा उभे करतो, ना बोलणी ना शिक्षा, त्यामुळे पन्नासदा पडूनही चिडचिड होत नाही. मधेच एक प्रसंग असा येतो की दोरीवरचा पाळणा अधांतरी अडकतो आणि तिचा श्वास कोंडतो. सोबतचा मित्र तिला एक पीस हवेत तरंगत असल्याची कल्पना करायला सांगतो, आणि खेळणाऱ्याने बटण हलकेच दाबत-सोडत ते पीस चौकटीत ठेवायचे, म्हणजे श्वासाची लय परत येते. परीक्षेच्या भीतीबद्दल आपण मुलांना जे सांगत असतो ते इथे बोटांनी कळते. फारच अडले तर वेग कमी करण्याची सोय गेममध्ये आहे, आणि ती वापरणाऱ्याला तो कमी लेखत नाही. प्रत्येक पडद्यानंतर थांबता येते. जरूर घ्यावा.

केर्बल स्पेस प्रोग्रॅम २०१५ मध्ये पूर्ण झाला आणि मेक्सिकोतल्या स्क्वाड या कंपनीने तो बनवला. टाक्या, इंजिने, पंख जोडून अग्निबाण तयार करायचा आणि हिरव्या बुटक्या अंतराळवीरांना वर पाठवायचे. पहिले अनेक अग्निबाण तळावरच कोसळतात. यातले गुरुत्वाकर्षण बऱ्यापैकी खरे आहे, आणि म्हणून एक गोष्ट मुलाला हमखास कोड्यात टाकते : कक्षेत आपल्या पुढे असलेल्या यानाला गाठायला त्याने पुढे जोर लावला, तर आपले यान वरच्या कक्षेत जाते, त्याची फेरी लांबते आणि ते आणखीच मागे पडते. गाठायचे असेल तर आधी वेग कमी करून खालच्या कक्षेत उतरावे लागते. हे पुस्तकात वाचून पटत नाही. स्वतः दोन तास मागे पडल्यावर पटते. राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञानात गुरुत्वाकर्षण आणि अवकाश मोहिमा हे दोन्ही धडे आहेत, त्यामुळे नातवाच्या पुढच्या वर्षाची ही तयारीही होईल. एक सावधगिरी : याचा दुसरा भाग २०२३ मध्ये अर्धवट अवस्थेत विक्रीला आला आणि तो पूर्ण झाला नाही. पहिलाच घ्यावा.

आपल्या मातीतले काही हवे असेल तर पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा राजी, २०२० चा. सर्कशीत वाढलेली एक मुलगी राक्षसांनी पळवलेल्या भावाला शोधत निघते आणि दुर्गा व विष्णू तिच्याबद्दल आपसांत बोलत असतात. राजस्थानी महाल, पहाडी शैलीची चित्रे आणि छायाबाहुल्यांतून सांगितलेली कथा, हे सारे इतके जीव लावून केले आहे की सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या चामड्याच्या बाहुल्या पाहिलेल्या माणसाला ते ओळखीचे वाटेल. मारामारी तितकीशी सफाईदार नाही आणि कथा ऐन रंगात येताच संपते. आधी तो आपल्या लॅपटॉपला पेलेल का ते तपासावे आणि सवलतीत घ्यावा.

वेन्बा हा २०२३ चा गेम जेमतेम दीड तासाचा आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस कॅनडात गेलेले तमिळ जोडपे, तिथे जन्मलेला मुलगा, आणि आईच्या आईकडून आलेली, पाने डागाळलेली पाककृतींची वही. शाई पुसल्यामुळे जी पायरी वाचता येत नाही ती डोके लढवून शोधायची. इडलीपात्रातल्या ताटल्या कशा रचल्या म्हणजे वाफ सगळ्या इडल्यांना लागेल, हे पहिले कोडे आहे. डबा शाळेत उघडायला लाजणारा मुलगा पुढे मोठा होतो आणि त्याच वहीकडे परततो. ज्यांची मुले परदेशी आहेत अशा नाशिककरांना शेवटचा भाग जड जाईल. हा मुलांच्या हाती देऊन आपण बाजूला बसू नये. एखाद्या रविवारी सुनेलाही बोलावून सगळ्यांनी मिळून खेळावा.

मामाच्या प्लेस्टेशनवर इट टेक्स टू खेळता येईल. २०२१ चा हा गेम एकट्याला खेळताच येत नाही. घटस्फोटाच्या उंबरठ्यावरचे आई-वडील मुलीच्या अश्रूंनी बाहुल्या होतात आणि परत माणूस होण्यासाठी त्यांना एकमेकांना सांभाळत घरभर भटकावे लागते. एकाच्या हाती हातोडा तर दुसऱ्याच्या हाती खिळे, अशी प्रत्येक प्रकरणात कामाची नवी वाटणी होते, आणि कल्पकतेत त्याला तोड नाही. तरी नात बरोबर असेल तर एका प्रसंगाआधी मामाने सावध असावे : आई-वडील स्वार्थापोटी मुलीच्या लाडक्या खेळण्यातल्या हत्तिणीला, ती गयावया करत असताना, ओढत नेऊन कड्यावरून ढकलतात. तो प्रसंग विनोदी म्हणून लिहिला आहे आणि मला तो क्रूर वाटतो. इतक्या चांगल्या गेममध्ये तो राहून गेला याची मला खंत वाटते.

आपल्या स्वतःच्या कँडी क्रशबद्दल आपण मत विचारलेले नाही, तरी सांगतो. २०१२ पासून चालत आलेल्या या गेमचे डाव कुशलतेने रचलेले आहेत, आणि चहानंतर वीस मिनिटे खेळण्यात काहीच गैर नाही. मात्र पाच जीव संपले की प्रत्येक जीवासाठी अर्धा तास थांबा किंवा पैसे द्या, ही रचना आपल्याला दिवसातून अनेकदा फोनकडे बोलावण्यासाठी आहे. त्याऐवजी मिनी मेट्रो खेळून पाहावा असे मी सुचवेन. वाढत्या शहरात रेल्वेचे मार्ग आखायचे, गर्दी तुंबली की डाव संपला. कुणी परत बोलावत नाही. एकदा विकत घेतला की झाले.

व्यसनाची भीती निराधार नाही, पण तिची व्याख्या शेजाऱ्यांच्या व्याख्येपेक्षा कडक आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणात ‘गेमिंग डिसऑर्डर’ची नोंद केली आहे. खेळण्यावरचा ताबा सुटणे, इतर आवडी आणि रोजच्या कामांपेक्षा खेळालाच अग्रक्रम मिळणे, आणि नुकसान दिसत असूनही खेळ सुरूच राहणे किंवा वाढणे, अशी त्याची लक्षणे आहेत, आणि ती साधारणपणे बारा महिने दिसावी लागतात. जेवायला उशिरा येणारा किंवा हरल्यावर चिडणारा मुलगा या व्याख्येत बसत नाही. मैदानावर जाणे सुटले, झोप मोडली, मित्र तुटले, आणि थांबवले की घरात आदळआपट होऊ लागली, तर वर्ष पुरे होण्याची वाट न पाहता बालमानसतज्ज्ञांना भेटावे. ‘खेळा आणि पैसे जिंका’ अशा गेमचा प्रश्न अगदी वेगळा आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली आहे, तेव्हा अशी लिंक कुणीही पाठवली तरी ती उघडू नये.

खरेदीबद्दल. पोर्टल २, स्टारड्यू व्हॅली, सेलेस्ट आणि केर्बल हे स्टीम या ऑनलाइन दुकानात मिळतात. तिथे किमती रुपयांत असतात, यूपीआयने पैसे देता येतात, आणि उन्हाळी व हिवाळी सवलतीत जुने गेम फार स्वस्त होतात. घेतलेला गेम चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत मिळतात. लॅपटॉपवर तो नीट चालतो का, हे त्या दोन तासांत पाहून घ्यावे. स्टीमवर खाते उघडायला तेरा वर्षे पूर्ण लागतात आणि नात त्याहून लहान आहे, म्हणून खाते मुलांच्या वडिलांच्या नावाने काढावे. माइनक्राफ्ट स्टीमवर नाही, तो त्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून घ्यावा. आपल्या तीन हजारांतून आधी माइनक्राफ्ट आणि पोर्टल २ घ्यावेत, स्टारड्यू व्हॅली किंवा केर्बल यांपैकी उरलेल्या रकमेत बसेल आणि नातू निवडेल तो, आणि सेलेस्टसाठी पुढच्या सवलतीपर्यंत थांबावे. आपल्या फोनवर प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये जाऊन प्रत्येक खरेदीला पासवर्ड विचारला जाईल अशी सोय आजच करून घ्यावी, आणि तो पासवर्ड मुलांसमोर टाइप करू नये.

आपला,
सदरलेखक